सदर इसम

“आणि बाकीची मंडळी?” पोतनीस सरांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

“बाकीची न्हाईत. तुम्ही या,” शलमोनभाऊ म्हणाले.

दारू सोडणाऱ्यांचा गट दर बुधवारी सहाला चर्चमागच्या बालवाडीत भरतो, एवढं कळायलाच सरांना महिना लागला होता. ज्या गावात चाळीस वर्षं मराठी शिकवलं, तिथे हे विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं तो आपलाच विद्यार्थी निघायचा. शेवटी औषधांच्या दुकानात त्यांनी हळूच विचारलं. ‘एका परिचितांसाठी’ म्हणून.

दुकानदारही विद्यार्थीच होता. त्यानं खाली मान घालून पत्ता सांगितला.

आत सात लाल खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बालवाडीच्याच, वीतभर उंचीच्या. त्यातल्या एकीवर शलमोन साळवे बसले होते. एस.टी. डेपोतले निवृत्त मेकॅनिक. अकरा वर्षं त्यांनी थेंबाला शिवलं नव्हतं, आणि गावात ज्या कुणाची सुटली त्याची त्यांच्यापाशी बसूनच सुटली, असं म्हणत.

सर बसले. गुडघे पार छातीला टेकले. अशा बैठकीत रुबाब राखणं अवघडच, पण सरांनी तो राखला.

“मी थांबणार नाही. मला फक्त तुमची सही हवी आहे.”

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

मुलीनं तशी अटच घातली होती. गटात जाऊन या, तिथली सही दाखवा, मग नातीला भेटा. आठ महिन्यांपूर्वी सर नातीला शाळेतून आणायला निघाले आणि वाटेत बसले ते बसलेच. चार वर्षांची पोर अंधार पडेपर्यंत फाटकात उभी होती. त्यानंतर ती त्यांच्या नजरेला पडली नव्हती. घरात दुसरं कुणी नव्हतं. दूधवाल्याशीही खुणेवर भागायचं.

शलमोनभाऊंनी चष्मा लावला आणि कागद मोठ्यानं वाचला.

“दाखला देण्यात येतो की, सदर इसम हे मद्यपानाच्या अधीन झालेले असून, ते आज रोजी गटाच्या सभेस उपस्थित होते.”

मग पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला.

“अक्षर लई सुरेख हाय.”

“धन्यवाद.”

“पर हे सदर इसम ऱ्हातात कुठं?”

“अहो, तो मीच. दाखल्यात असंच लिहितात.”

“आसं व्हय. मंग एकदा वाचून दावा. सदर इसम आलं की तिथं ‘मी’ म्हणा. लगेच सही करतो.”

सरांना हसू आलं. हा प्रश्न तर ते सातवीच्या पेपरात घालत. सूचनेप्रमाणे वाक्यात बदल करा. दोन गुण.

“म्हणजे तृतीय पुरुषाचा प्रथम पुरुष करायचा. सोपं आहे.”

“करा की.”

“मी...”

सरांनी पुन्हा सुरुवात केली.

“मी मद्यपानाच्या...”

समोरच्या भिंतीवर अननस होता, आई होती, इमारत होती. सर बराच वेळ त्या आईकडे बघत राहिले. मग त्यांनी हातातला कागद गुडघ्यावर दाबून धरला.

“आज घेतली का, सर?”

“दुपारी,” सर म्हणाले. “थोडी. इथे यायचा धीर यावा म्हणून.”

शलमोनभाऊ नुसते बसून राहिले. त्यांना घाई नव्हती.

“मी पितो,” सर म्हणाले. “पोर फाटकात उभी होती आणि मी पीत होतो. मला आठवण होती. विसरलो असं मुलीला सांगितलं, पण मला आठवण होती.”

कागदावर हे कुठेच नव्हतं. आठ महिने सरांनी ते एकट्यानं वागवलं होतं, आणि आता ते बोलून झाल्यावर त्यांना फार एकटं वाटलं.

गटात कुणी असं बोललं की सगळे एका सुरात ‘नमस्कार’ म्हणतात.

“नमस्कार, सर,” शलमोनभाऊ म्हणाले. पाच खुर्च्या रिकाम्याच होत्या.

मग त्यांनी दाखल्यावर सही केली. सरांनी तो जपून घडी घालून खिशात ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून ते उठायला लागले.

“जरा दम धरा.”

शलमोनभाऊंनी खिशातली छोटी डायरी काढली, एक पान फाडलं आणि मांडीवर ठेवून सावकाश लिहिलं. कागद सरांपुढे धरला.

‘मि शलमोन. मि दारूडा. मि आज बी आलो.’

चाळीस वर्षांच्या सवयीनं सरांचा हात पेनाकडे गेला. तिन्ही ‘मि’ ऱ्हस्व होते. हात तसाच थांबला.

“हे कशाला?” सरांनी विचारलं. “गट तर तुमचाच आहे.”

शलमोनभाऊंनी पेन त्यांच्या हातात दिलं.

“सही करा, सर. धा बुधवार मी आलो, ते कुणी बघितलं न्हाई.”