ओव्याचा वाफा

दंतपुरात कालसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या एका खेड्यात कोंबड्या पाळणाऱ्याच्या कुळात जन्म घेतला होता. नाव सोमिल. त्याच्या परसात पानओव्याचा एक वाफा होता. गावातले लोक ती पाने कढीत घालीत. सोमिल ती चुरून कोंड्यात कालवी आणि कोंबड्यांना घाली.

शेजारी कंका नावाची विधवा राहत असे. कोंबड्यांवरच तिचे पोट होते. एका वर्षी गावात कोंबड्यांचा रोग आला. कंकाच्या कोंबड्या पिसे फुलवून, मान आत ओढून कोपऱ्यात बसू लागल्या. कुंपणापलीकडे सोमिलच्या कोंबड्या मात्र खुशाल हिंडत होत्या. ते पाहून तिचा जीव जळे. जाऊन विचारावे, तर मागे कुंपणावरून तिनेच भांडण काढलेले. आता कोणत्या तोंडाने जाणार?

सोमिल बाजाराला गेला, तशी ती भरदुपारी त्याच्या परसात शिरली. मूठभर पानांनी भागले असते, पण घाबरलेल्या माणसाला मूठभर पुरत नाही. तिने सगळा वाफा उपटला आणि आजारी कोंबड्यांपुढे टाकला. त्यांनी चोचही लावली नाही. धडधाकट होत्या त्याही त्याच खुराड्यात राहिल्या. सकाळी तीन कोंबड्या मरून पडल्या होत्या.

आता तिला सगळा राग सोमिलचाच आला. ती ग्रामप्रमुखाकडे गेली आणि म्हणाली, "सोमिल परसात विष लावतो. त्या विषानं माझ्या कोंबड्या मेल्या."

विष घालणाऱ्याला गावाबाहेर काढीत, आणि चोरालाही. वडाखाली सभा भरली. सोमिलने कंकाने पुरावा म्हणून आणलेली पाने उचलली आणि सर्वांदेखत चावून खाल्ली.

"माणसाला सोसतं ते कोंबडीला सोसेलच असं नाही," ग्रामप्रमुख म्हणाला. "तुझी पानं हिच्या घरी गेली कशी?"

सोमिलने कंकाकडे पाहिले नाही.

"मी तेव्हा घरी नव्हतो. जे पाहिलं नाही, ते सांगू कसं?"

"नीट सांग, नाहीतर गाव सोड."

"सोडतो," सोमिल म्हणाला. "पण ओवा उभ्या कोंबडीला बळ देतो, पडलेलीला उठवत नाही. कंकाच्या काही कोंबड्या अजून उभ्या आहेत. त्या आजच वेगळ्या करा. उद्यावर टाकू नका."

एवढे बोलून तो घराकडे वळला. तेव्हा कंका उठून उभी राहिली.

"त्यानं काही केलं नाही," ती म्हणाली. "तो नसताना वाफा मी उपटला."

ग्रामप्रमुख शिक्षा सांगणार, तोच सोमिल परत फिरला. "वाफा माझा होता. माझी तक्रार नाही. चल कंकाताई, ऊन आहे तोवर खुराडं धुऊन घेऊ." ती त्याच्या मागून निघाली, पण तिला रडू आवरेना.

ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तो ग्रामप्रमुख म्हणजे आज तुमच्या तंट्यांचा निवाडा करणारा स्थविर. कंका म्हणजे काल शेजारणीवर खोटा आळ घेऊन मग स्वतःच तो मागे घेणारी उपासिका. सोमिल मी होतो. त्या जन्मी मी जिचा अभ्यास केला, ती क्षमा."