ज्याला आवतण, त्यालाच आत

एका गावात एक भोळा शिपाई होता. त्याचं नाव दौलू. पलटणीतनं रिटायर झाला तवा सरकारनं त्याची बंदूक जमा करून घेतली. भोळेपणाला कुणी हात लावला नाय. तेवढा तो घरी घेऊन आला.

हुकूम दिला की दौलू पाळणार. एकदा त्याला पाण्याच्या ड्रमावर पहाऱ्याला उभा केला. पलटणीचा मुक्काम हलला. ड्रम बी गाडीत चढला. दौलू काय हलला नाय. न्यायला माणूस आला तो म्हणला, "आरं, पहारा कशावर करतोयस?"

"ड्रमाच्या जागंवर," दौलू म्हणला.

त्याच गावात हवालदार येसबा राहायचा. दोघं एकाच पलटणीतले. येसबाचं डोकं म्हणजे चुलीवरचा तवा. शेतातली मोटर चालू होईना म्हणून त्यानं मोटरीला लाथ घातली. मोटर चालू झाली. पाय बंद पडला. गुडघ्यापतुर प्लास्टर.

आन् नेमका तवाच येसबानं पलटणीतल्या जुन्या गड्यांचा मेळावा धरलेला. त्याला कारण होतं. त्यांचे सुभेदार, ढमालेसाहेब, आता ऐंशीच्या पुढं गेलेले. नजर कमी होत चाललेली. त्यांनी निरोप धाडला होता, "येसबा, मला सगळी पोरं एकदा एका रांगेत बघायची हायत. दिसतंय तोवर दाखव."

येसबा तसा कुणाच्या बापाला भ्यायचा नाय. पण ह्या निरोपानं त्याला झोप लागंना. मेळावा झालाच पायजे, आन् त्यात खोट राहता कामा नये.

फिरायला पाय न्हवता. मग कोण? दौलू.

"फोन लावू का समद्यांना?" दौलूनं विचारलं.

"फोनवरचं आवतण आवतण नसतंय!" येसबा वरडला. "घरी जायाचं, हातात अक्षता द्यायच्या, तोंडानं सांगायचं. त्याला आवतण म्हणत्यात. जा, पयला वरच्या वस्तीवर कोंडिबाकडं जा."

दौलू गेला. दौलू आला.

"काय म्हणला कोंडिबा?"

"काय नाय. घरात न्हवता."

"मग?"

"मग आलो माघारी."

"आरं दगडा! घरात नसला तर दारात जे कोण असंल त्याला अक्षता देऊन सांगून यायचं! एवढी बी अक्कल नाय?"

"आता हाय," दौलू म्हणला, आन् परत गेला.

कोंडिबा तवा बी घरात न्हवता. दारात त्याची म्हैस होती. चंद्री. दौलूनं तिला रामराम घातला, कपाळाला अक्षता लावल्या आन् सांगितलं, "येसबा हवालदारांकडं मेळावा हाय. जेवायलाच या."

"कोण भेटलं?" येसबानं विचारलं.

"चंद्री."

"म्हैस?"

"व्हय. मान हलवली तिनं."

येसबानं हातातली काठी फेकली. ती दौलूला लागली नाय, पाण्याच्या घागरीला लागली. घागरीला पोचा आला.

"माणसाला सांगायचं रं, माणसाला! त्याचा हात धरायचा, 'येतो' म्हणल्याबिगर सोडायचा नाय!"

"आदी सांगायचं न्हवं," दौलू म्हणला.

दुसऱ्या दिवशी तो श्रीपती डुबलकडं गेला. श्रीपतीची चुलती वारलेली. श्रीपतीनं तिरडीला पुढनं खांदा दिलेला. एक हात मोकळा होता. दौलूनं तो धरला.

"येसबाकडं मेळावा हाय. येतो म्हण."

"आरं, बाजूला हो!"

"येतो म्हण, होतो बाजूला."

असं करत दौलू मसणवट्यापतुर गेला. श्रीपती पुढं ओढतोय, दौलू बाजूला ओढतोय, म्हातारी वर डुलतीय. शेवटाला श्रीपती बोंबलला, "येतो रं बाबा, येतो!"

मागच्यांना वाटलं, गडी म्हातारीच्या संगं जातो म्हणतोय. सरणाजवळ चौघांनी त्याला कवळा घालून धरून ठेवला. एक जण समजूत घालाय लागला, "बायकापोरांकडं बघ श्रीपती."

दौलू फाटक्या सदऱ्यानं घरी आला. येसबानं सगळं ऐकलं. कपाळ बडवून घेतलं.

"आरं, दारात माणसं जमलेली दिसली की गप खाली बसायचं. डोळ्याला पंचा लावायचा. 'जायचं ते गेलं, आता धीर धरा,' एवढंच म्हणायचं. आवतणाचं नाव काढायचं नाय!"

"ह्ये सोपं हाय," दौलू म्हणला.

तिसऱ्या दिवशी गजाबा यादवाकडं. दारात माणसंच माणसं! गजाबाच्या पोरीचा साखरपुडा होता. दौलू गप जाऊन नवऱ्या मुलाच्या बापासमोर बसला. डोळ्याला पंचा लावला.

"जायचं ते गेलं," म्हणला, "आता धीर धरा."

नवऱ्याचा बाप दचकला. "काय गेलं?"

"जायचं ते."

"कुणाचं गेलं? आं? गजाबाराव, ह्यो गडी कशापायी रडतोय? आमच्यापासनं काय लपवताय?"

पेढ्याचं ताट तिथंच राहिलं. गजाबानं देवाची शपथ घेतली, पोरीच्या मामानं घेतली, तवा कुठं पाव्हणं खाली बसलं. मग गजाबानं येसबाला फोन केला आन् अशा शिव्या दिल्या की येसबाला सुद्धा दोन नवीन कळल्या.

"दौल्या, आरं मेल्या, तिथं आनंद होता! आपल्या पाव्हण्याला कसं आणायचं असतंय? हलगी वाजवत, गुलाल उधळत, मानानं मांडवात! तू सुतकाला गेल्यागत गेलास!"

"हलगी, गुलाल, मान," दौलू म्हणला. "ध्यानात ठेवतो."

"काय ध्यानात ठेवू नको! तू आता कुठं जायाचंच नाय!"

आन् येसबानं मुकाट फोन घेतला. बसल्या जागंवरनं सगळ्या गड्यांना सांगितलं. सुभेदारांना सांगितलं. पंधरवड्यानंतरचा रविवार ठरला.

मेळाव्याचा मांडव येसबाच्या आमराईत. भोवती तारंचं कुंपण, एक लोखंडी फाटक, आत चौफेर कनात. सुभेदारांनी म्हातारपणी माळ घातलेली, म्हणून सगळं गोडाधोडाचं. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, मसालेभात. सुभेदारांना मोठी खुर्ची, खुर्चीवर झेंडूचा हार.

सकाळी येसबानं दौलूला फाटकावर उभा केला. मागं बारशाला अर्धा गाव फुकट जेवून गेला होता आन् घरची माणसं उपाशी राहिली होती. ते येसबा विसरला न्हवता.

"नीट ऐक. ज्याला आवतण दिलंय त्यालाच आत सोडायचं. बाकी माझा बाप आला तरी कुलूप काढायचं नाय."

"जी हवालदार!" दौलूनं सलूट ठोकला. त्या सलुटानं येसबाला बरं वाटलं. फाटकावर उभं राहण्यात माणूस काय चुकणार?

आचाऱ्यानं भांडी झाकली आन् पान खायला गेला. येसबाची बायको हौसाबाई ओवाळायचं ताट घेऊन रस्त्याच्या तोंडाशी थांबली. सगळे गडी एस्टी स्टँडवर जमले. सुभेदारांची एस्टी अजून यायची होती. तवा वरच्या वस्तीकडनं हलगी ऐकू आली.

"कुणाचं लगीन हाय आज?" येसबानं विचारलं. कुणालाच ठावं न्हवतं. तासाभरानं सुभेदार आले, त्यांना जीपमधी पुढं बसवलं आन् सगळे निघाले.

जीप फाटकाशी आली. हौसाबाई ताट घेऊन भाईरच उभी.

"मला बी आत सोडंना मेला!" ती म्हणली. आचारी शेजारी पान चघळत उभा होता. त्याला बी सोडला न्हवता.

फाटकाच्या आत दौलू. ताठ. अंगावर गुलाल.

"दौल्या, कुलूप काढ. साहेब आल्यात."

"आवतण हाय का साहेबांना?"

सुभेदार म्हणले, "फोन आला होता बाबा."

"फोनवरचं आवतण आवतण नसतंय. हवालदारांचा शब्द हाय."

येसबाचं तोंड लाल झालं. श्रीपती पुढं झाला, "मला तर दिलंतंस की! मसणवट्यापतुर आला होतास!"

"अक्षता राहिल्या. हात धरण्यात हात गुतलं होतं."

"आन् मी?" येसबा किंचाळला. "मी मालक हाय हितला!"

"तुम्हाला आवतण कुणी दिलंय?"

खरंच कुणी दिलं न्हवतं.

सुभेदार मातुर हसाय लागले. "हुकूम कुणाचा, दौलू?"

"ह्यांचाच, साहेब."

"मग बरोबर हाय. पलटणीत माझं ऐकलेला ह्यो एकच गडी." म्हातारा जीपमधनं उतरला, रस्त्याच्या मधी उभा राहिला, आन् त्या वयात असा आवाज काढला की झाडावरची पाखरं उडाली. "पलटण! सावधान!"

ढेऱ्या आत गेल्या. टाचा जुळल्या. येसबा कुबडीवर ताठ झाला. म्हातारा एकेकाच्या जवळ गेला, नाकाला नाक लागंपतुर, तोंड बघितलं, नाव घेतलं. येसबाजवळ जरा जास्त थांबला. "झालं," म्हणला. "बघितलं सगळ्यांना."

येसबाचं डोळं भरून आलं. तेवढ्यात कनातीमागनं काहीतरी मोठ्यानं फुरफुरलं.

"आत कोण हाय रं?" येसबानं हळूच विचारलं.

"पाव्हणी."

"कोण पाव्हणी?"

"आवतण होतं तिला. घरी जाऊन दिलेलं, अक्षता लावून. आज फाटकाला कुलूप घालून गेलो आन् आणली. हलगी, गुलाल, मान. कायबी राहिलं नाय."

कोंडिबाचं तोंड उघडं पडलं. "चंद्री!"

येसबानं दोघांच्या खांद्याला लोंबकळून चांगल्या पायानं फाटकाला लाथ घातली. फाटक उघडलं. दुसरा पाय बंद पडला.

मग त्याला उचलून सगळे आत पळाले. मांडवात मोठ्या खुर्चीच्या पुढं चंद्री उभी होती. गुलालानं माखलेली. हाराचा दोरा तेवढा तोंडातनं लोंबत होता. बुंदीचं पातेलं चाटून लख्ख. पुऱ्या न्हवत्या. मसालेभात न्हवता. वांग्याच्या भाजीत तिनं पाय दिला होता.

येसबा दोन्ही पाय लांब करून जमिनीवर बसला होता, नुसता पातेल्याकडं बघत.

दौलूनं जमलेली माणसं बघितली. तो गप येसबासमोर खाली बसला. डोळ्याला पंचा लावला.

"जायचं ते गेलं, हवालदार," म्हणला. "आता धीर धरा."