उताराचं ॲव्हरेज

गाड्या आणि गुरं एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. घाटाखाली राहणाऱ्या रावजींकडे एक डिझेल पिकअप होती. "लिटरला वीस देते," असं रावजी पंपावर सगळ्यांना सांगत. ऐकून ऐकून गाडीलाही ते खरं वाटू लागलं.

एके दुपारी रावजींची म्हैस विताना अडली. तिला गाडीत चढवून ते घाटमाथ्यावरच्या दवाखान्याकडे निघाले. पंप दिसताच डिझेलचा काटा कुजबुजला, "ताई, थांब. एवढ्या डिझेलवर घाट चढून होणार नाही."

"मालकांपेक्षा तुला जास्त कळतं?" म्हणत गाडी ऐटीत पुढे गेली. रावजींनीही काट्याकडे पाहिलं नाही.

अर्ध्या चढावर काटा तळाला टेकू लागला. मागून म्हैस कण्हली, "बाई गं, अजून किती लांब? माझं पारडू हलेनासं झालंय."

गाडी घाबरली. "मग ते वीस कुठे गेले?"

"ते मालकांनी रिकाम्या गाडीने घाट उतरताना मोजले होते," काटा म्हणाला. "आता पुढे गेलीस तर मधेच बंद पडशील. मागे मात्र फिरता येईल."

समोर रुंद वळण होतं. गाडीने मुद्दाम दोन आचके दिले. रावजींनी काट्याकडे पाहिलं, ओठ चावला आणि गाडी वळवली.

पंपावरचा पोऱ्या हसला, "काय रावजी, वीसवाली तहानली का?"

"आधी डिझेल टाक, मग हास."

दवाखान्यात पोचल्यावर पारडू वाचलं, पण अगदी थोडक्यात.

त्यानंतर कुणी ॲव्हरेज विचारलं की रावजी आधी विचारत, "चढाचं सांगू की उताराचं?"