ताटली रिकामी झाल्यावर

फार फार मागची गोष्ट आहे. खाडीच्या काठाला एक गाव होतं. गावात मिठागरं होती, आणि उंचवट्यावर एक क्रुसाचं देऊळ होतं.

त्या गावाची एक रीत होती. कुणी आजारी पडलं, देवळापर्यंत चालवेनासं झालं, की धर्मगुरू प्रभूची भाकर चांदीच्या ताटलीत घेऊन त्याच्या घरी निघायचे. त्या लोकांची श्रद्धा अशी, की त्या भाकरीत प्रभू स्वतः येतो आणि खाणाऱ्याच्या आत राहायला जातो. म्हणून ताटलीच्या पुढं एक म्हातारा घंटा वाजवत चालायचा. घंटा कानावर आली की जो जिथं असेल तिथं गुडघे टेकायचा. चिखल असो, नाहीतर काटे असोत.

परत येताना ताटली रिकामी असायची. मग म्हातारा घंटेचा लोलक मुठीत धरायचा आणि मुकाट्यानं चालायचा. लोक आपापल्या कामाला लागायचे. चाळीस वर्षं हे असंच चाललं, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही.

गावात एक बाई होती. पोरसवदा होती तेव्हापासून पाटलाच्या मिठागरात राबली. खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, मीठ ओढायचं, डोक्यावरून वाहायचं. म्हातारपणी तिच्या पायांना जखमा झाल्या. त्या चिघळल्या, त्यांना वास यायला लागला. आणि तिची झोपडी नेमकी देवळाच्या वाटेवर.

सण जवळ आला. राजाच्या गावाहून पाहुणे येणार होते. पाटील म्हणाला, "पाहुणे काय नाक धरून देवळात जातील? म्हातारीला त्या पलीकडच्या बेटावर नेऊन ठेवा."

त्या बेटावर गोड्या पाण्याचा थेंब नव्हता. खेकडे तेवढे होते. तिथं नेऊन ठेवणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण कुणी तोंड उघडलं नाही. अहो, ते पाय सडले कुणाच्या मिठागरात? एवढं विचारायला त्या अख्ख्या गावात एक जीभ नसावी?

वर पाटील म्हणतो कसा, "आपण काही निर्दय नाही. आधी तिला प्रभूची भाकर देऊ. मग नेऊ."

सकाळी घंटा वाजत निघाली. सगळी वाट गुडघ्यावर आली. पाटलानं तर नवं धोतर नेसून चिखलात गुडघे टेकले, तेही सगळ्यांना दिसतील असे. धर्मगुरू झोपडीत शिरले. बाईनं हात जोडले, भाकर घेतली, डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "पाटलांना सांगा ना. मला माझ्या दारात मरू द्या."

धर्मगुरूंनी मान खाली घातली. देवळाचं छप्पर पाटलानं घालून दिलं होतं. उपकाराचं छप्पर डोक्यावर असलं की माणूस असा मुका होतो.

पाटील उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "चला, उचला."

मिठागरातल्या चौघा गड्यांनी बाईला डोलीत घातलं आणि डोली खांद्यावर घेतली. आणि तेवढ्यात घंटा वाजली.

म्हातारा डोलीच्या पुढं उभा होता. लोलक त्यानं मुठीत धरलाच नव्हता. एक पाऊल टाकायचा, घंटा वाजवायचा.

पाटील ओरडला, "अरे ए, म्हातारचळ लागला का तुला? ताटली रिकामी आहे!"

"आहे ना, पाटील. मी पाहिली."

"मग वाजवतोस कुणासाठी?"

म्हातारा सावकाश बोलणारा. तो म्हणाला, "ताटलीत होती ती भाकर कुठं गेली?"

"कुठं जाणार? म्हातारीच्या पोटात गेली!"

"मग मी बरोबर वाजवतोय."

कुणीतरी फिसकन हसलं. एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन अर्धवट वाकली होती. ती म्हणाली, "अगं बाई, मग गुडघे टेकायचे की नाही? काय ते एकदा सांगा रे, माझी मासळी उन्हात आहे."

"टेक, पोरी," म्हातारा म्हणाला. "चाळीस वर्षं चुकलो मी. देव चांदीच्या ताटलीत असेपर्यंत मी वाजवली, आणि माणसात गेला की लोलक धरून ठेवला. ताटली त्याची वाट होती गं. घर हे आहे. आणि आपण वाटेला वाकतो आणि घर उचलून खेकड्यांत टाकतो!"

पाटील धर्मगुरूंकडं वळला. "तुम्ही सांगा या अडाण्याला. तुम्ही शिकलेले आहात."

धर्मगुरूंनी हातातल्या रिकाम्या ताटलीकडं पाहिलं. ते म्हणाले, "मी माझ्या हातानं तिच्या जिभेवर ठेवली, पाटील." आणि ते तिथंच, चिखलात, डोलीपुढं गुडघ्यावर बसले.

कोळणीनं पाटी खाली ठेवली आणि गुडघे टेकले. मग एकामागून एक सगळी वाट खाली बसली. चौघांनी डोली अलगद जमिनीवर ठेवली.

"उचला म्हणतो ना!" पाटील गरजला. कुणी हललं नाही. त्यानं स्वतःच एक दांडा धरला आणि ओढला. चौघांची डोली एकट्याला कुठून उचलणार? ती कलंडली. बाईचा जखमेचा पाय दगडावर आपटला. "आई गं!" एवढंच ती म्हणाली.

कोळीण उठून उभी राहिली. पाटलाला आजवर कुणी एकेरी बोललं नव्हतं. ती म्हणाली, "हात काढ."

त्यानं हात काढला.

बाईला तिच्या झोपडीत परत नेलं. कोळणीनं कोमट पाण्यानं तिचे पाय धुतले. वास होताच. पण नाक कुणी धरलं नाही.

सणाच्या दिवशी पाहुणे आले. देवळात भाकर घ्यायला पाटील सगळ्यांच्या पुढं गुडघ्यावर, तोंड उघडून. धर्मगुरू त्याच्यापुढं थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाटील, आधी तिच्या दारात जाऊन गुडघे टेका. तिथला प्रभू तुम्हाला हाकलायचा होता, मग इथला कशाला मागता?"

पाटलानं उघडलेलं तोंड मिटलं. भाकर त्याला ओलांडून पुढच्याकडं गेली.

बाई आणखी दोन सुगी जगली. तिची झोपडी पाटलाच्या दारापासून शंभर पावलांवर होती. तेवढी पावलं त्याच्यानं चालवली नाहीत. दर सणाला तो देवळात यायचा, रिकाम्या तोंडानं परत जायचा, आणि शेवटी तसाच उपाशी मेला.

म्हणून सांगतो: ज्या माणसात देव राहायला आला, त्याला जो हाकलतो, तो देवालाच हाकलतो.