शांतवन सर आणि गीताची तिसरी ओळ

एका गावातल्या चर्चमध्ये एक पियानो होता आणि तो वाजवणाऱ्या शांतवन सरांमुळेच मेला. उगाच वाळवीला दोष देण्यात अर्थ नाही. वाळवीने वाळवीचं काम केलं. सरांनी मात्र आपलं केलं नाही.

हा पियानो कुणा गोऱ्या मिशनरी साहेबाने बैलगाडीतून आणला होता आणि चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला लावून ठेवला होता. ती भिंत पावसाळाभर पाझरायची. पियानो हातभर पुढे ओढा, असं गवंड्याने सांगितलं, पाळकांनी सांगितलं, चर्च झाडणाऱ्या बाईनेही सांगितलं. सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "साहेबाने ठेवला तिथेच राहील." साहेब मरून जमाना लोटला होता. तरी गावात त्याचंच चालत होतं, कारण त्याच्या नावावर सरांचं चालत होतं.

सरांनी पियानोवर मखमलीची खोळ घातली आणि झाकणाला कुलूप लावलं, ते रविवारी आणि सणाला तेवढं निघायचं. मोठ्या माणसांची ही एक खोडच असते. ज्याकडे लक्ष द्यायला हवं ते कुलपात टाकायचं आणि त्याला जपणं म्हणायचं. एका सणाच्या सकाळी सरांनी झाकण उघडून खालच्या पट्ट्यांवर हात टाकला, तर आतून सुराऐवजी भुसा पडला.

सरांची एक शिष्या होती, सलोमी. लहानपणापासून ती त्यांच्याकडे शिकत होती. परदेशी मंडळाच्या पियानोच्या सगळ्या परीक्षा तिने दिल्या होत्या. तिचा हात असा होता की अवघडातलं अवघड वाजवतानासुद्धा ऐकणाऱ्याला ते सोपं वाटावं. तिला शहरातल्या संगीत विद्यालयात जायचं होतं. तिथे सरांचा शब्द चालायचा. सरांनी नाव सुचवलं की जागा पक्की, नाही सुचवलं तर दाराबाहेर उभं राहा. एवढा मोठा अधिकार एका माणसाकडे असू नये, पण होता.

पियानो गेला तसे चर्चचे पंच बसले. जमलेल्या वर्गणीत नवा पियानो येणार नव्हता. सिंथेसायझर आणायचं ठरलं, आणि तो निवडायचं काम सलोमीकडे आलं, कारण गावात सरांनंतर कळत होतं ते तिलाच. सरांनी तिला घरी बोलावलं.

"आणायचाच असला तर पियानोसारख्या जड पट्ट्यांचा आण. पूर्ण अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. तो मी वाजवेन. बाकी सगळी पोराटोरांची खेळणी. खेळणं घेऊन आलीस तर विद्यालयाची गोष्ट माझ्याकडे काढू नकोस."

"हो, सर," सलोमी म्हणाली. तिलाही जड पट्ट्यांचाच हवा होता. हात तयार ठेवायचा तर दुसरा इलाज नव्हता.

सरांचा एवढ्यावर भरवसा बसला नाही. त्यांनी बायकोला, लेआमावशींना, सोबत धाडलं. "तू जा. ती काय घेते त्याच्यावर नजर ठेव." पंचांतले गमलिएलकाकाही निघाले, कारण वर्गणी त्यांच्याजवळ होती.

शहरातल्या दुकानात काकांचा जीव पहिल्याच सिंथेसायझरवर जडला. त्यावर लाल-हिरवे दिवे पळत होते. दुकानदाराने एक बोट ठेवलं आणि आतून ढोल, बासरी, सनई सगळं एकदम सुरू झालं.

"अगं सलोमी, हे बघ! एका बोटात अख्खी वरात!"

"काका, आता एक पट्टी हळूच दाबा."

काकांनी दाबली.

"आता जोरात."

काकांनी गुद्दा घातल्यासारखी दाबली. आवाज तेवढाच आला.

"म्हणजे हा बारशाला आणि मयताला सारखाच वाजणार," सलोमी म्हणाली. काकांनी हात मागे घेतला आणि रुमालाने पुसला.

मग ती जड पट्ट्यांच्या मोठ्या वाद्यावर बसली. बोटं ठेवली मात्र, आणि तिचा चेहराच बदलला. पट्टी बोटाखाली वजनाने खाली जात होती आणि तशीच वर येत होती. हळू म्हटलं तर हळू, गर्ज म्हटलं तर गर्जत होती. तिने सरांनी शिकवलेली एक अवघड रचना वाजवली. दुकानातली गिऱ्हाइकं जागच्या जागी थांबली. यावर रोज वाजवायला मिळालं तर विद्यालयाच्या परीक्षेत आपल्याला कोणी अडवणार नाही, हे तिला कळत होतं.

"मॅडम, हे तुमच्याच हातासाठी आहे," दुकानदार म्हणाला. या वेळी तो खोटं बोलत नव्हता.

"उचलून दाखवता?" तिने विचारलं.

दुकानदाराने दोन माणसं बोलावली. चौकटीसकट उचलताना तिघांचेही डोळे बाहेर आले.

सलोमीला गावातली अंगणं आठवली. त्या गावात एक रीत होती. दर बुधवारी पाळीपाळीने एकेका घरी प्रार्थना व्हायची. मयत झालं तर दफनाआधी अंगणात गीतं व्हायची. या सगळ्याला पियानो कधीच आला नव्हता. बायका नुसत्या टाळ्यांवर गायच्या. सर म्हणायचे, तिथे संगीत नसतं, गोंगाट असतो.

कोपऱ्यात एक लहान सिंथेसायझर होता. पट्ट्या एकसष्ट, हलक्या, बोटाखाली भुसभुशीत. पण बॅटरीवर चालणारा, बंदाने खांद्याला अडकवून नेता येणारा. सलोमीने नाक मुरडलं, पण तपासायचं म्हणून तपासायला घेतला. इथे तिचं शिक्षण कामाला आलं. तिने पायाने पॅडल दाबून दोन्ही हातांचे सूर धरून ठेवले, वर आणखी सूर टाकले आणि कान लावून ऐकलं, की आधीचे सूर मध्येच तुटतात का. तुटले नाहीत. तिने एकच पट्टी पुटपुटल्यासारखी वाजवली, मग बोलल्यासारखी, मग हाक मारल्यासारखी. तिन्ही वेळा आवाज वेगळा आला. पियानोइतका नाही, पण आला. दुकानदाराने इतकी वर्षं वाद्यं विकली होती, पण असं तपासणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं.

"मावशी, एक गीत म्हणा ना," सलोमी म्हणाली. "गाणाऱ्यामागे कसा वाजतो ते बघायचंय."

लेआमावशी दचकल्या. "मी? मला कुठे गाता येतं? सर म्हणतात, तुला गळाच नाही."

"सर इथे नाहीत, मावशी."

मावशींनी इकडे तिकडे बघून घेतलं. मग रविवारचंच एक गीत धरलं. सलोमीने ते पुस्तकात छापलेल्या सुरात वाजवलं, जसं चर्चमध्ये वाजायचं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला सूर वर चढला आणि मावशींनी ओठ मिटून घेतले. चौथ्या ओळीला पुन्हा उघडले. सवयीने, अगदी सहज.

सलोमीचे हात थांबले.

चर्चमध्ये पियानो भिंतीला होता, त्यामुळे सर वाजवोत की सलोमी, पाठ नेहमी गाणाऱ्यांकडे असायची. तिसऱ्या ओळीला बायकांचा आवाज बसतो, हे सलोमीने हजारदा ऐकलं होतं. तो भक्तीने हळू होतो, असं सरांनी तिला शिकवलं होतं. तिथे हातही हलका ठेवायचा, असंही शिकवलं होतं. ती कौतुकाने हलका ठेवत आली होती. आज तिने पहिल्यांदा गाणारीचं तोंड समोरून पाहिलं. तिथे भक्ती नव्हती. तो सूर बाईच्या गळ्याला पोचतच नव्हता.

"मावशी, तिसरी ओळ का सोडली?"

"सोडतोच की आम्ही. ती उंच आहे. सगळ्याच सोडतात."

"कुणी सांगितलं नाही सरांना?"

"मी सांगितलं होतं, लग्न झालं तेव्हा. ते म्हणाले, छापलंय ते छापलंय."

सलोमीने गीत पुन्हा सुरू केलं, या वेळी सूर खाली उतरवून.

"मॅडम, त्याला बटण आहे," दुकानदार म्हणाला.

"माहीत आहे. पण मला हाताने येतं."

खरंच येत होतं. सरांनी मना केलेलं हे एकच काम ती चोरून शिकली होती. तिसरी ओळ आली. मावशींनी सवयीने ओठ मिटायला घेतले, पण सूर त्यांच्या तोंडापाशी येऊन उभा होता. त्यांनी तो घेतला. आवाज जाड निघाला, थोडा खरखरीत, पण भरीव, मोकळा. गमलिएलकाका तोंड उघडं ठेवून बघत राहिले. गीत संपल्यावर मावशींनी स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.

मग भानावर येऊन त्या म्हणाल्या, "पोरी, मोठाच घे. ते शब्द फिरवणारे नाहीत. तुझी जागा जाईल."

"मोठा बुधवारी तुमच्या घरी येईल का, मावशी?"

सलोमीने मोठ्या वाद्याच्या पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला, झाकण लावलं आणि लहान सिंथेसायझर खांद्याला अडकवला.

गावात सर घराच्या फाटकातच उभे होते. त्यांनी सलोमीच्या खांद्याकडे पाहिलं आणि बायकोवर उखडले.

"तुला नजर ठेवायला पाठवलं होतं ना?"

"ठेवली की," मावशी म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? चांगला आहे."

सरांना असं उत्तर घरातून कधी मिळालं नव्हतं. ते सलोमीकडे वळले. "परत कर. अजून वेळ गेलेली नाही. उद्याच विद्यालयात तुझं नाव सांगतो."

एवढंच करायचं होतं. तिची सगळी वर्षं त्या एका शब्दावर टांगलेली होती.

"सर, तुम्ही शिकवलंत म्हणून मला हा निवडता आला," ती म्हणाली. "पण परत नाही करणार. रविवारी या. तिसरी ओळ ऐका."

"ते खेळणं वाजेल तिथे मी पाय ठेवणार नाही," सर म्हणाले आणि आत गेले.

रविवारी सलोमी लोकांकडे तोंड करून बसली. तिसऱ्या ओळीला बायका थांबल्या नाहीत. मागच्या बाकावरची एक म्हातारी इतकी घाबरली की तिने तोंडावर पदर घेतला. तिला वाटलं, आपणच चुकून मोठ्याने गातोय. मग शेजारणीचा आवाज ऐकला आणि पदर काढला.

सलोमीला विद्यालयात जागा मिळाली नाही. सरांच्या शब्दाशिवाय तिने परीक्षा दिली, तर परीक्षकांनी सांगितलं, हात हलका पडतो. हलक्या पट्ट्यांवर हात हलका पडणारच. ती रात्रभर रडली आणि बुधवारी वाद्य खांद्याला लावून प्रार्थनेला गेली. तिने कोणाला बोल लावला नाही. तिच्या जागी दुसरा कोणी असता तर जड पट्ट्या घेऊन आला असता, आणि गावाने त्याला हुशार म्हटलं असतं. तिने गावातल्या पोरींना शिकवायला घेतलं. वाद्याला कधी कुलूप लावलं नाही.

शांतवन सरांनी शब्द पाळला. ते पुन्हा चर्चमध्ये गेले नाहीत. बुधवारची पाळी त्यांनी आपल्या घरी येऊ दिली नाही. नाताळात गाणारी मंडळी दारोदार फिरायची, तेव्हा ते बहिणीकडे जाऊन राहायचे. लेआमावशी मात्र दर रविवारी, दर बुधवारी गात राहिल्या, अगदी थकेपर्यंत. आढ्यापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज गावातल्या लहान पोरांनाही ओळखता यायचा. ज्या बाईबरोबर आयुष्यभर संसार केला, तिचं गाणं शांतवन सरांनी एकदाही ऐकलं नाही.

तात्पर्य: विद्या समोरच्याचा आवाज ऐकायला शिकवते; जो तिच्या जोरावर दुसऱ्यांना गप्प बसवतो, तो कितीही थोर असला तरी बहिराच राहतो.