फणसाचा चौरंग आणि पोकळ सिंहासन

एका राज्यात, ज्याच्या नावाचा शिलालेखसुद्धा झिजून सपाट झाला, जयध्वज नावाचा राजा होता. राजा शूर होता, उदार होता, पण जुनी वस्तू पुढे आली की त्याचे भान सुटे. कोणी यावे, ही पेटी म्हणे कुबेराच्या माजघरातली असे सांगावे, आणि राजाने गळ्यातला कंठा काढून द्यावा. चार प्रश्न विचारणे त्याला कमीपणाचे वाटे.

त्याची थोरली बहीण कुमुद्वती. तिला सारे राज्य अक्कासाहेब म्हणे. तिला गुरू कधी मिळाला नाही आणि तिने शोधलाही नाही. कोठारांत हात काळे करून, लाकडात नाक खुपसून, फसून, चिडून, पुन्हा बघून ती आपली आपण शिकली होती. साठी उलटली होती, पण चांगली जुनी वस्तू दिसली की अजून तिच्या कानांच्या पाळ्या तांबड्या होत.

एकदा अक्कासाहेब आजोळी गेल्या, आणि नेमका तेव्हाच कूटकर्मा नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याने रत्नांनी मढवलेले सिंहासन आणले. देवांच्या सभेतले आहे, म्हणाला. बदल्यात त्याने फक्त मूळपुरुषाचा चौरंग मागितला. फणसाच्या लाकडाचा, काळपट पडलेला तो बुटका चौरंग. त्या घराण्यातल्या प्रत्येक राजाला त्याच्यावर बसवूनच अभिषेक झाला होता. राजाला वाटले, स्वस्तात मिळाले. चौरंग दिला, सिंहासनावर बसला, आणि त्याला उठता येईना. आधी पावले लाकडाची झाली, मग घोटे, मग पोटऱ्या.

अक्कासाहेब परत आल्या तेव्हा लाकूड गुडघ्यांपर्यंत चढले होते. त्या रडल्या नाहीत. त्यांनी आपला सुतारपक्षी ठोकेराव याला बोलावले. ठोकेरावाला माणसाची भाषा येत होती, आणि तो ती तोंड आवरून बोलत नसल्यामुळे अक्कासाहेबांखेरीज त्याला कोणी पाळत नव्हते. त्याने सिंहासनाच्या पायापासून पाठीपर्यंत चोच आपटली आणि मान तिरकी केली.

"पोकळ आहे, बाई. पोकळीला भराव लागतो. हे महाराजांना आत भरून घेतंय."

"उपाय?"

"बदल्यात जे दिलं, ते महाराजांच्या पायाखाली परत आलं पाहिजे. अमावास्येच्या आत. नाहीतर सिंहासन भरेल आणि महाराज सरतील."

राजाने मान खाली घातली. "अक्का, ते मला फार सुंदर वाटलं."

"सुंदर आहेच. मी जाऊन येते. तू फार हिंडू नकोस."

मांत्रिकाचा मायाहाट जिथे भर उन्हातही सावली पडत नाही अशा माळावर भरे. डोंगर झाले, नदी झाली, काट्यांचे रान झाले, आणि ठोकेरावाची कुरकुर ऐकत अक्कासाहेब तिथे पोहोचल्या. हाटाच्या दारात कूटकर्मा उभा होता. दाढी पांढरीशुभ्र, दात मात्र कोवळे. अक्कासाहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि दाढी चांगली रंगवली आहे एवढेच म्हटले. त्याने राग गिळला व हाटाचा नियम सांगितला. चौरंग तिसऱ्या दालनात आहे. पहिल्या दोन दालनांत खरे काय ते ओळखेल त्याला पुढचे दार उघडते. चुकेल त्याला मागचेही उघडत नाही.

पहिल्या दालनात तीन पेटारे होते. तिन्ही शिसवीचे, तिन्हींना पितळी पट्ट्या, आणि तिन्हींच्या अंगावर किडीने पाडलेली बारीक भोके. अक्कासाहेबांनी एक झाडू मागितला. मांत्रिकाला वाटले, म्हातारी केर काढणार. त्यांनी झाडूचा एक ताठ हीर उपसला आणि पहिल्या पेटाऱ्याच्या भोकात घातला. तो सरळ आत गेला. दुसऱ्यातही गेला. तिसऱ्या पेटाऱ्यात मात्र हीर नखभर शिरला आणि अडला. दुसरे भोक, तिसरे भोक, तेच. अक्कासाहेबांच्या कानांच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

"कीड खात खात जाते, वळत जाते. सुताराचं गिरमिट सरळ जातं," त्या म्हणाल्या. "तिसरा खरा. पहिल्या दोघांना तुमची कीड लागली आहे."

दार उघडले.

दुसऱ्या दालनात छतापासून तीन लामणदिवे लोंबत होते, प्रत्येकावर पितळेचा मोर. पहिल्याच्या हिरव्या कळंकावर अक्कासाहेबांनी ओला अंगठा घासला, तर तो रंगासारखा निघून आला. दुसऱ्याचे पीस न् पीस आत्ताच कोरल्यासारखे टोकदार होते; घासणाऱ्या हातांनी त्याला कधी शिवलेच नव्हते. पण तिसरा! त्याची चोच चिंच आणि राख खाऊन खाऊन बोथट झालेली, तुरा झिजून गुळगुळीत, पंखांच्या खोबणीत तेलाची काळी पुटे, आणि वास तर असा की डोळे मिटले तर आरतीच ऐकू यावी. अक्कासाहेबांचा ऊर धडधडू लागला. असा मोर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तो खरा असावा, असे त्यांना इतके वाटले, इतके वाटले, की त्या स्वतःवरच चिडल्या. ज्या वस्तूवर जीव जडतो तिच्याकडे दुप्पट संशयाने बघायचे, हे त्या फसून शिकल्या होत्या. त्यांनी साखळी हातात घेतली. पिढ्यान् पिढ्या टांगलेल्या दिव्याच्या कड्या एकमेकींना घासतात, आतून खातात, बारीक होतात. एखादी तरी झिजलेली निघू दे, असे मनात म्हणत त्यांनी एकेक कडी तपासली. सगळ्या आतून गोल, सगळ्या जाड. हा दिवा कधी टांगला गेलाच नव्हता.

"तिन्ही खोटे," त्या म्हणाल्या. "मला यातला एकही नको."

मांत्रिकाचा चेहरा पडला, कारण रिकाम्या हाताने त्या दालनातून आजवर कोणी पुढे गेले नव्हते. दार उघडले.

"मोर सोडताना तुमच्या डोळ्यांत पाणी आलं," ठोकेराव म्हणाला.

"धूर होता."

"दिवा पेटलेला नव्हता, बाई."

तिसऱ्या दाराशी कूटकर्मा एकदम गोड झाला. दमला असाल, पाणी घ्या म्हणाला. चौरंग कसा होता ते नीट सांगितलेत तर शोधून ठेवतो म्हणाला. आणि अक्कासाहेब, ज्यांना घरच्या चौरंगाबद्दल कोणी कधी विचारले नव्हते, त्या बोलू लागल्या. उजव्या बाजूला धुपाटण्याचा डाग आहे. पुढच्या कडेला भेग गेली होती, ती तांब्याच्या पट्टीने सांधली आहे. जयध्वजाला दात येत होते तेव्हा त्याने एक कोपरा चावला, त्या दोन बारीक दातांच्या खुणा अजून दिसतात. ठोकेरावाने त्यांच्या खांद्यावर चोच मारली. त्यांनी त्याला झटकला आणि कडांच्या झिजेबद्दलही सांगितले.

पडदा वर गेला. आत तीन चौरंग होते. तिन्हींना धुपाटण्याचा डाग, तिन्हींना तांब्याची पट्टी, तिन्हींच्या कोपऱ्यावर दोन बारीक दात. जे जे सांगितले, ते ते त्याने ऐकता ऐकता घडवले होते. विकणाऱ्याला आपण काय शोधतो ते कधी सांगू नये, हे अक्कासाहेबांनी कित्येकांना दटावून शिकवले होते. त्यांनी जीभ चावली.

आता मांत्रिकाने शेला पसरला आणि भावाचा नियम सांगितला. शेल्याखाली हात द्यायचा. तो आधी नाडीचे ठोके मोजील. मग घेणाऱ्याने वस्तू दाखवायची. वस्तू खरी असो की खोटी, ठोके जेवढे वाढतील तेवढी वर्षे आयुष्यातून द्यायची. भिंतींवर दिवे धरलेल्या पितळी बायका होत्या, खांबांना लाकडी पुरुष होते. ज्यांची नाडी त्यांच्याजवळ उरलेल्या वर्षांहून जास्त उडाली, ते ते इथेच राहिले होते.

"आणि ठोके कमी झाले तर?" ठोकेरावाने विचारले.

"तर तितकी वर्षं मी द्यावी. नियम माझ्याहून जुना आहे." कूटकर्मा हसला. "आजवर तसं झालं नाही."

अक्कासाहेबांनी पहिला चौरंग घेतला. किडीच्या भोकांत हीर घातला, तर तो अडला. दुसऱ्यात अडला, तिसऱ्यातही अडला. मांत्रिकाने धडा घेतला होता. वास तोच, वजन तेच, रंग तोच. घरी लाकूड आता कमरेवर गेले असेल, छातीला भिडले असेल. अक्कासाहेब खाली बसल्या आणि स्वतःलाच विचारू लागल्या, की मी ह्याला काय सांगितले नाही? सगळे सांगितले. माहीत होते तेवढे सगळे सांगितले.

माहीत होते तेवढे.

त्या उठल्या आणि त्यांनी पहिला चौरंग उलटा केला. खालून तो कोरा होता, रंधा मारून साफ. मग त्यांनी मधला उलटा केला. खाली लाकूड तासताना पडलेले वाकसाचे ओबडधोबड घाव होते, आणि कडेला चुना होता. बोटांनी पुसलेला चुना, थरावर थर, खालचा पिवळा, वरचा पांढरा. एक रुंद अंगठा, एक बारीक करंगळी, एक वाकडे बोट. मूळपुरुषापासून आजोबांपर्यंत सगळे प्रतापी राजे विडा लावत होते आणि बोटाला उरलेला चुना कोणी बघत नाही असे पाहून बसल्याजागी चौरंगाखाली पुसत होते. अक्कासाहेबांनी जन्मभर तो चौरंग पाहिला होता आणि हे त्यांना ठाऊक नव्हते.

त्यांच्या छातीत नगारे वाजू लागले. डोक्यात, बोटांत, तळपायांत वाजू लागले. पण त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मधला चौरंग होता तसा ठेवून त्यांनी तिसराही तेवढ्याच उत्साहाने उलटा केला, त्याच्याही कोऱ्या पोटावरून हात फिरवला, आणि नगारे वाजत असतानाच हात पुढे केला.

"धरा," त्या म्हणाल्या.

मांत्रिकाने शेल्याखाली मनगट धरले आणि चमकला. एवढी पळणारी नाडी त्याच्या बोटांखाली कधी आली नव्हती. पण त्याला वाटले, म्हातारी अजून गोंधळलेली आहे. नाव घेईल तेव्हा ही आणखी उडेल. त्याने ठोके मोजले.

"दाखवा."

"मधला."

आणि म्हणताक्षणी अक्कासाहेबांच्या आत सगळे शांत झाले. शोध होता तोवर धावपळ होती. सापडला, सांगून झाले, आता तो घरचा चौरंग होता आणि घरी न्यायचा होता. नाडी उतरली. कूटकर्मा वाट बघत राहिला, ती आणखी उतरली. त्याने हात ओढून घ्यायला पाहिले, पण तो आता अक्कासाहेबांच्या मुठीत होता.

"मोजा," त्या म्हणाल्या. "नियम तुमच्याहून जुना आहे."

त्याला मोजावे लागले, आणि मोजले तेवढे द्यावे लागले. त्याच्याजवळ स्वतःचे एक वर्षही नव्हते. होती ती सारी इतरांची. ती एकेक निघाली आणि ज्याची त्याच्याकडे गेली. पितळी बायकांनी दिवे खाली ठेवून हात झटकले. लाकडी पुरुष खांबांवरून उतरले, आपले जोडे शोधू लागले. शेवटी मांत्रिकाच्या जागी शेल्यावर एक हातभर बाहुला उरला, नवाकोरा, अजून रंगही न दिलेला.

सुटलेल्या लोकांनी चौरंग वाहून नेतो म्हणून आर्जवे केली. अक्कासाहेबांनी कोणाला हात लावू दिला नाही. पाठीला बांधून त्याच निघाल्या. रान मागे पडले, नदी मागे पडली, डोंगर मागे पडला. अमावास्येचा सूर्य मावळायला टेकला तेव्हा त्या दरबारात शिरल्या. लाकूड राजाच्या हनुवटीपर्यंत आले होते. बोलता येत नव्हते, फक्त डोळे हलत होते, आणि ते दाराकडे लागलेले होते.

अक्कासाहेबांनी त्याचे लाकडी पाय उचलले आणि खाली चौरंग सारला.

सिंहासन आतून कडाडले. रत्ने काचेसारखी गळून पडली, सोन्याचा पत्रा सोलला, आणि पाठीपासून पायापर्यंत ते मधोमध उकलले. आत काही नव्हते. राजाच्या गळ्याची लाकडी रेघ खाली सरकली, छाती सुटली, कंबर सुटली, गुडघे सुटले. तो चौरंगावर धप्पकन बसला आणि कळवळला. वैद्य धावले. अक्कासाहेबांनी त्यांना मागे सारले आणि काय होतेय म्हणून विचारले.

"अक्का," राजा म्हणाला, "पायाला मुंग्या आल्यात."

तेव्हा कुठे अक्कासाहेब रडल्या, दोन्ही पाय मांडीवर घेऊन चोळत, सगळ्या दरबारादेखत, लाज न बाळगता.

पुढे जयध्वजाने त्याच चौरंगावर बसून राज्य केले. प्रजेला न्याय मिळाला, हाटातून सुटलेल्यांना आपापली घरे मिळाली, भावाला बहीण आणि बहिणीला भाऊ मिळाला. सांगणारीचे सांगून झाले, ऐकणाऱ्यांचे घर भरलेले राहो.