ह्यांचं मेतकूट

वाईच्या सुमतीकाकूंनी घरी मेतकूट करून विकायला घेतलं, तेव्हा जाहिरातीला हातात दमडी नव्हती. डाळी भाजायचे त्यांचे यजमान, त्र्यंबकराव. डाळगिरणीतली नोकरी सुटल्यापासून ह्या माणसाला गावात कुणी हाकही मारेनासं झालं होतं.

पुड्या कोऱ्याच असत. "कुणाचं मेतकूट हे?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की काकू पदर सावरून म्हणत, "ह्यांचं."

"ह्यांचं म्हणजे कुणाचं?"

काकू नुसत्या हसत. मग शेजारणीच ओरडून सांगत, "अहो, त्र्यंबकरावांचं!"

महिला मेळाव्याला पाहुणे म्हणून मसालेवाले बापूशेठ आले. एसटी स्टँडच्या भिंती त्यांच्याच नावानं रंगलेल्या. कोरी पुडी उंच धरून ते माइकवर म्हणाले, "काकू, नावाशिवाय कुठे धंदा होतो का? माल कुणाचा हे लोकांना कळणार कसं?"

काकूंनी माइक हातात घेतला. "विचारून बघू या की! काय गं बायांनो, हे मेतकूट कुणाचं?"

"त्र्यंबकरावांचं!" अख्खा मांडव गरजला.

"शेठ, तुमचं नाव भिंती सांगतात. ह्यांचं माणसं सांगतात."

बापूशेठ ओशाळून हसले आणि पुडी हळूच स्वतःच्याच खिशात घातली.

घरी जाताना त्र्यंबकराव म्हणाले, "उखाण्यात तर माझं नाव ठसक्यात घेतेस. मग गिऱ्हाइकापुढेच कसली लाज?"

"लाज कसली? मी एकटीनं घेऊन ते कितीसं ऐकू गेलं असतं?"